दोरीच्या आतले

रविवार, १३ जुलै २०२५

झाला! ठराव मंजूर झाला! मंडळाच्या सभेत एकही हात विरोधात वर गेला नाही. यंदापासून चतुर्थीची आरती फक्त वाडीत राहणाऱ्यांनी करायची. मांडवात दोरी बांधायची. आत आम्ही, बाहेर बाकीचे.

गेली काही वर्षं अतीच झालं होतं. खोल्या विकून डोंबिवली, नालासोपारा, बदलापूरला गेलेली मंडळी चतुर्थीला सहकुटुंब सहपरिवार हजर! ताट त्यांच्या हातात, झांजा त्यांच्या हातात. आणि वर्षभर पाण्यावरून भांडणारे, दारोदार वर्गणी मागणारे, घुशींशी लढणारे आम्ही मागे टाचा उंच करून उभे. फणसवाडी म्हणजे काय धर्मशाळा आहे?

नुसती खोली नावावर असून चालणार नाही, वाडीत राहिलं पाहिजे, हे कलम माझं. नाहीतर कुलूप लावून गेलेलेही घुसतात. "घराला दार असतं. दार लावलं म्हणून घरातली माणसं वाईट ठरत नाहीत," असं म्हटलं आणि टाळ्या पडल्या. वैभवने तर शिट्टीच मारली. मंडळाचा अध्यक्ष आहे आता, पण माझ्यासमोर लंगोटात फिरलेला. म्हणाला, "नाना, तुम्ही म्हणजे आपले तात्या!"

तात्या म्हणजे अमेरिकेचा अध्यक्ष. त्याला हे नाव कुणी चिकटवलं देव जाणे, पण कट्ट्याकट्ट्यावर तेच चालतं. राग यायला हवा होता. नाही आला. उलट बरंच वाटलं.

बुधवार, १६ जुलै

धम्मपाल येऊन गेला. विमा कंपनीत आमची टेबलं शेजारी शेजारी — तो युनियनचा, मी जुन्या वळणाचा. निवृत्तीनंतरही परळहून दर बुधवारी भांडायला येतो. लतिका त्याच्यासाठी घावन करते. नवऱ्यासाठी कधी सांगूनही करत नाही, ती गोष्ट वेगळी.

आज विषय तात्याच. मी म्हटलं, मला तो आवडतो. पोटात एक ओठात एक नाही. आपल्या माणसांचं आधी बघतो. देवाचं नाव घ्यायला लाजत नाही. देशाला कुंपण असावं म्हणतो, त्यात चूक काय? आणि मी आंधळा भक्त नाही! स्वतःची आरती स्वतःच ओवाळतो ते मला पसंत नाही. घरी आलेल्या पाहुण्याला चारचौघांत झापतो, ते तर मुळीच नाही. आमच्या वडिलांनी असल्या तोंडाळ माणसाला ओटीवर बसू दिलं नसतं. पण काम आणि तोंड वेगळं ठेवून बघावं.

धम्मपाल घावन मोडत म्हणाला, "तोंड पण त्याचंच ना रे?"

मग दोरीचं कळलं तेव्हा हसला. "देवाच्या दारात कोण आत, कोण बाहेर हे ठरवणारे मी पाहिलेत. माझ्या आजोबांनी तर फार जवळून पाहिले."

उगाच कुठलं कुठे नेतो! इथे जातीचा काय संबंध? तसं बोललोही. तो म्हणाला, "बरं बाबा, नाही," आणि चहा मागितला. चहा मीच केला. साखर विसरलो.

रविवार, २० जुलै

अनुजाचा फोन. लग्न करून अटलांटाला गेली त्याला आठ वर्षं झाली. मी तेव्हाही म्हटलं होतं, इथे काय कमी आहे? पण विनीतची कंपनी, विनीतचा व्हिसा, विनीतची हौस. जावई तसा गुणी आहे, म्हणून बोलता येत नाही.

लग्नानंतर इतक्या वर्षांनी दिवस राहिलेत. जूनमध्ये कळलं तेव्हा मी सरळ खाली मांडवाच्या जागेवर गेलो — नुसती फरशी, तीवर कुणाची तरी स्कूटर — आणि तिलाच हात जोडून बोललो, बाप्पा, यंदा चतुर्थीची आरती माझ्या लेकीच्या हातून. स्कूटरला नव्हे, फरशीला बोललो. लतिकाला सांगितलं तर तिच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडात हसू.

अनुजाची तिथली शेजारीण म्हणे अगदी माझ्यासारखी आहे. म्हातारी, देवभोळी, दर रविवारी चर्चला, कुणाच्या घरी आजारपण असलं की डबा घेऊन हजर. मत तात्याला. आणि तो टीव्हीवर बोलायला लागला की ती आवाज बंद करते! अनुजा म्हणाली, "बाबा, तुम्ही दोघं भेटलात तर आम्हाला कुणी विचारणार नाही."

तिकीट काढलं का विचारलं. "बघतोय, बाबा." आवाज जरा थकलेला. अशा दिवसांत असतोच.

रविवार, २७ जुलै

वैभवला सहज म्हटलं, चतुर्थीला अनुजा येतेय, पहिलं ताट तिच्या हातात देऊ.

कार्टं डोकं खाजवत म्हणतं, "नाना, ती राहते कुठे?"

"म्हणजे? आपली अनुजा! याच जिन्यावरून पडून तिचा दात तुटलाय!"

"हो ना. पण तुम्हीच कलम घातलंत. खोली नावावर असून उपयोग नाही. उद्या सगळेच म्हणतील, आमचा पण दात पडलाय."

माझा तिळपापड झाला. माझंच शस्त्र माझ्यावर! मी म्हटलं, नियमाला माणूसही बघावा लागतो. तो म्हणाला, "मग तसं लिहायचं ना, नाना." मी उठून आलो. लतिका आतून ऐकत होती. भाजी चिरता चिरता हसत होती, पाठ हलत होती तिची!

गुरुवार, ३१ जुलै

तात्याने आपल्या मालावर टॅरिफ लावलं. सकाळी सकाळी धम्मपालचा फोन — "तुझ्या माणसाने आपल्यालाच दोरीबाहेर काढलं की!" मी म्हटलं, तो त्याच्या देशाचं बघतो. फोन ठेवल्यावर पेपर वाचला आणि मनातल्या मनात तात्याला एक कोकणी शिवी दिली. ही इथेच राहू दे.

रविवार, ३ ऑगस्ट

अनुजा येत नाही.

वकिलाने सांगितलंय म्हणे, सध्या देशाबाहेर पाऊल टाकू नका, परत आत घेतील याची खात्री नाही. मी म्हटलं, कागद बरोबर आहेत ना? कर भरता ना? मग भीती कसली? नियम चोरांसाठी असतात.

ती म्हणाली, "तसंच असायला हवं, बाबा." आईला फोन द्या म्हणाली. लतिका फोन घेऊन गॅलरीत गेली आणि दार ओढून घेतलं. माझ्यापासून काय लपवायचंय कळत नाही. बायकांचं काही असेल.

नवसाचं काय करायचं?

बुधवार, ६ ऑगस्ट

आणखी टॅरिफ! धम्मपाल आला आणि पावसापाण्याच्या गप्पा मारून गेला. ते जास्त लागलं.

बुधवार, २७ ऑगस्ट — गणेश चतुर्थी

तात्याचं दुसरं टॅरिफ आजपासूनच लागू. बाप्पा आणि ते एकाच दिवशी! असो.

मूर्ती यंदा काय सुरेख! डोळे असे की कुठेही उभे राहा, आपल्याकडेच बघतात. दोरी मीच बांधली, खांबाला दुहेरी गाठ मारून. आत वाडीकर मोजके — म्हातारे जास्त, तरुण निम्मे कामावर. झांजा वाजवायला माणूस कमी पडला. दरवर्षी झांज धोंडूची. चाळीस वर्षं माझ्या डाव्या हाताला उभा राहिला धोंडू. बायकोच्या दुखण्यात खोली विकली आणि नालासोपाऱ्याला गेला. बायको काही वाचली नाही.

तो आला होता. इस्त्रीचा सदरा, हातात केवड्याचं पान. दोरीपाशी आला, थांबला. त्याला वाटलं दोरी गर्दीसाठी असेल, म्हणून उचलून वाकायला लागला. एका पोराने सांगितलं, "काका, वाडीतलेच फक्त." धोंडूने माझ्याकडे बघितलं. मी ताट हातात घेऊन उभा. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी कापूर लावला.

आरतीत माझी चाल दोनदा चुकली. डावीकडून झांजच नाही!

नंतर प्रसाद वाटताना तोच हसून म्हणाला, "नान्या, परसाद तरी गावतलो मां रे भायल्यांका?" बाहेरच्यांना मिळणार ना, एवढंच विचारलं. मी मोदक दिला. दोन दिले. त्याने एक परत ठेवला.

अनुजाला व्हिडिओवरून आरती दाखवली. "छान झाली, बाबा," म्हणाली. आणि मग, "धोंडूकाका एवढे लांब का उभे होते?"

नेटवर्क गेलं असं दाखवून मी फोन लतिकाकडे दिला.

सोमवार, १ सप्टेंबर

गौरीपूजन. नैवेद्य झाल्यावर लतिकाने समोर बसवलं. म्हणाली, ओरडणार नसाल तर सांगते.

विनीतची नोकरी जुलैतच गेली. ठराविक मुदतीत दुसरी मिळाली नाही तर देश सोडावा लागतो. मिळालेली नाही. सामान विकायला काढलंय. कागद सगळे बरोबर, कर भरलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात — आणि चालते व्हा!

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही म्हणाला असता, बघ, मी सांगितलं होतं."

म्हणालो असतो. नक्की म्हणालो असतो. आठ वर्षं मी देवाकडे एकच मागत होतो, पोर परत येऊ दे. आणि आता येतेय तर पुरणपोळी ताटात तशीच. तात्याचे आभार मानायचे की त्याच्या नावाने बोटं मोडायची? दोन्ही करावंसं वाटतंय. आधी बोटं.

रविवार, १४ सप्टेंबर

आले दोघं. सहा बॅगा, एक गादी गुंडाळलेली. पोट दिसायला लागलंय. जिना चढताना मी म्हटलं, सावकाश. म्हणते, "एकदा पडलेय ना, माहितीये पायरी कुठली ती."

तिच्या त्या शेजारणीने निरोपाला केक दिला आणि विनीतच्या गळ्यात पडून रडली म्हणे. "मी मत दिलं ते तुमच्यासारख्यांना घालवायला नव्हतं," असं म्हणाली. अनुजा सांगताना हसत होती. मी हसलो नाही. त्या म्हातारीचं मला फार पटलं, आणि तिचा रागही आला. अहो बाई, एकदा बांधल्यावर कुणाला अडवायचं हे दोरीला कसं कळणार?



शनिवार, २० सप्टेंबर

तात्याने व्हिसाला भलीमोठी फी लावली. विनीत बातमी बघत शांतपणे शेव खात होता. "सुटलो, बाबा." बिचारा. पुण्याच्या दोन कंपन्यांशी बोलतोय.

रविवार, २८ सप्टेंबर

हिशेबाची सभा. मी उभा राहिलो आणि म्हटलं, दोरी रद्द करा.

कुजबुज. मी म्हटलं, धोंडू चाळीस वर्षं झांज वाजवत होता, त्याला मी दोरीबाहेर ठेवला, ती माझी चूक. वर्षभर लांब राहून जो इतका प्रवास करून आरतीला येतो, त्याला वाडी आपल्यापेक्षा जास्त हवी असते.

वैभव अवघडला. "नाना, तुम्हालाच वाईट वाटतंय म्हणून काढायची का? यंदा किती सुटसुटीत झालं! पोरांना नियम आवडलाय." हात वर झाले. दोरी राहिली. माझ्या बाजूने मी आणि तळमजल्यावरचे एक आजोबा, त्यांना ऐकू येत नाही.

मी बोललेलीच वाक्यं त्या पोरांनी मला ऐकवली — घराला दार असतं! टाळ्याही तशाच पडल्या. मला वाटतं, तात्याला हटवता येईल. टाळ्यांचं काय करायचं?

धम्मपालला फोन करून सांगितलं. हसेल वाटलं होतं. "उद्या येतो," म्हणाला. उद्या बुधवार नाही.

गुरुवार, २ ऑक्टोबर — दसरा

विनीतला पुण्यात नोकरी लागली. बाळंतपणाला आई हवी, आई तर बाबाही हवेत. लतिकाने मला विचारायच्या आत हो म्हणून टाकलं. दिवाळी झाली की निघायचं. खोली नावावर राहील, दाराला कुलूप.

म्हणजे पुढच्या चतुर्थीला मी बाहेरचा. कलम माझंच.

सोनं द्यायला धोंडूला फोन केला आणि हेही सांगितलं. मला वाटलं टोमणा मारेल. तो म्हणाला, "ये रे. दोरीक टेकान उभे ऱ्हवया दोगय. थंयसून बाप्पा बरो दिसता."