बाबांनी काढलेला स्क्रू

शनिवार, संध्याकाळ. कोपर स्टेशनजवळचं आमचं घर.

माझ्या रिमोटच्या गाडीचं मोटरवरचं छोटं गिअर बदलायला घेतलेलं, पण त्यातला स्क्रू आतून पार झिजलेला. ॲलन की, म्हणजे षटकोनी चावी, नुसतीच गरगर फिरत होती. तासभर खटपट केली. मग आतल्या खोलीतून बाबा उठून आले. गेली दोन वर्षं ते मला ओळखत नाहीत, शर्टाची बटणंही मीच लावतो.

त्यांनी हात पुढे केला. सोल्डरिंग आयर्नने स्क्रू तापवला, जरा मोठं, चांदणीच्या आकाराच्या टोकाचं स्टार बिट हातोडीने आत ठोकलं आणि सावकाश फिरवून स्क्रू बाहेर काढला. नजर पूर्ण वेळ समोरच्या भिंतीवर. आयुष्यभर कारखान्यात फिटर होते, मान्य. पण भिंतीकडे बघत? मला आनंद व्हायला हवा होता. अंगावर काटा आला.

"बाबा, जमलं की तुम्हाला!" मी म्हणालो.

तेव्हा कुठे भिंतीवरची नजर हलली. त्यांनी तळहातावरचा स्क्रू पाहिला, मग मला. घाबरलेले होते.

"आत्ता इथे कोण येऊन गेलं?" त्यांनी हळूच विचारलं.

आणि मी खरंच दाराकडे बघितलं.