फुलीचे दिवस

४ मार्च

चि. चिमणीस,
आत्याचे भरपूर आशीर्वाद, आणि आज थोडा रागही.

काल गावच्या सभेत कारखान्याच्या मॅनेजरने तुमच्या कचेरीचा जगाच्या हवेचा नकाशा भिंतीवर लावला. पोरगी उपग्रहावरून हवेतले बारीक कण मोजते म्हणून मी गावभर मिरवते, आणि नकाशात आपलंच गाव हिरवंगार, म्हणजे हवा एकदम स्वच्छ! धुराड्याला गाळणी बसवायचा विषय पाच मिनिटांत गुंडाळला. तुझे बाबा एक जिना चढताना तीनदा बसतात, ते काय हिरव्या हवेने?

सोबत माझ्या लॉन्ड्रीतलं गेल्या वर्षीचं कॅलेंडर पाठवते. चादरी उन्हात कडकडीत वाळल्या, पण काजळीने पुन्हा धुवाव्या लागल्या, त्या प्रत्येक दिवसावर फुली आहे. बघ जरा. आणि वेळेवर जेवत जा.

चिडलेली, पण तुझीच,
आत्या

१९ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि., मान खाली घालूनच.

चूक आमचीच. दाट धूर वरून ढगासारखा दिसतो, आणि ढगाळ दिवस आमचा संगणक गाळून टाकतो. तुझ्या एकसष्ट फुल्यांपैकी चौपन्न दिवस त्याने ढग समजून फेकले होते. उरलेल्या बऱ्या दिवसांची सरासरी काढून आम्ही गाव हिरवं रंगवलं.

साहेब म्हणाले, एवढ्या जगात एक ठिपका, पुढच्या वर्षी बघू. मी सांगितलं की त्या ठिपक्यात माझे बाबा राहतात. ते दिवस हिशेबात परत घातले आणि दुरुस्ती माझ्या सहीने जाहीर केली. साहेबांनी अबोला धरलाय. कामं भराभर उरकतात. आपलं गाव लाल झालेला नकाशा सोबत आहे.

राग गेला की कळव. लोभ मी गृहीतच धरते.
चिमणी

२ एप्रिल

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. तुझ्यावरचा राग गेला.

नवा नकाशा पाहून मॅनेजर म्हणाला, इतक्या वरून काय डोंबल कळतं! महिन्यापूर्वी याच उपग्रहाचे गोडवे गात होता. तो उलटणार याची मला खात्रीच होती, म्हणून तयारीने गेले होते. त्याचे पांढरे सदरे माझ्याकडेच येतात ना! त्यातला एक सकाळी धुऊन दिवसभर दोरीवर ठेवला होता. काजळीने काळवंडलेला तो सदरा पिशवीतून काढला आणि नकाशाशेजारी टांगला. गाळणीच्या ठरावाला सगळ्यांनी हात वर केले, तुझ्या बाबांनी दोन्ही.

नंतर मॅनेजर हळूच म्हणाला, सदरा पुन्हा धुऊन द्या. मी सांगितलं, गाळणी बसेपर्यंत जसा वाळेल तसा घालायचा.

अशीच भांडत राहा.
तुझी आत्या