अश्रुधुराचा सत्कार

गिरगाव,
२४ एप्रिल १९६०

प्रिय कमलाकांत,

तुझ्या वॉर्डातला वॉर्डबॉय दौलत, त्याने तुझी चिठ्ठी आणून दिली. म्हणे ‘ताई, मी ठणठणीत बरा झालोय, मला घरी सोडण्याच्या सोबतच्या कागदावर सही कर, एक मेला वाडीत माझा सत्कार आहे.’ वाचून कपाळावर हात मारून घेतला मी! तुला परळच्या इस्पितळात ठेवून तीन आठवडे होत नाहीत, तर निघाले साहेब शाल-श्रीफळ घ्यायला. चळवळीत लाठ्या आणि अश्रुधूर सोसलेल्यांचा सत्कार आहे तो. तू काय सोसलंस ते मला नको सांगूस.

मुतखड्याच्या ऑपरेशननंतर कळा थांबाव्यात म्हणून तुला मॉर्फियाची इंजेक्शनं दिली होती. टाके सुकले, कळा थांबल्या, इंजेक्शनं काही थांबली नाहीत. नाक्यावरच्या दवाखान्यातला कंपाउंडर गुपचूप टोचायचा. मग छप्पन सालच्या जानेवारीत हरताळ पडला आणि दवाखान्याला कुलूप लागलं. दुसऱ्या दिवशी तू जिन्यात बसलेला, डोळ्यांतून धारा, नाक गळतंय, अंगावर काटा, जांभयांवर जांभया. बाहेर रस्त्यावर पोलिसांनी अश्रुधूर सोडलेला. खालच्या राधाबाई ओला पंचा घेऊन धावल्या, कुणी कांदा फोडून तुझ्या नाकाशी धरला. आणि सगळ्या वाडीने ठरवून टाकलं की कमलाकांत मोर्चात जाऊन आला! अरे, दोन दिवसांत तू वाडीबाहेर पाऊल टाकलं नव्हतंस. अश्रुधुराने कधी जांभया येतात का? पण एकालाही शंका आली नाही, आणि तूही मुकाट कांदा हुंगत बसलास.

परवा तुझे डॉक्टर कोठारे मला समोर बसवून अर्धा तास समजावत होते. मेंदू केवढासा, पण आपण घेतो त्यातला पाचवा हिस्सा प्राणवायू तोच खातो, साखरही भरपूर लागते त्याला. मॉर्फियाने त्याचं कामकाज मंदावतं. रोज टोचून घेतलं की तोही हट्टाने सावरून घेतो, औषध धरूनच आपली घडी बसवतो. मग एके दिवशी औषध मिळालं नाही की इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम उसळतं. तुझं जिन्यातलं रडणं ते हेच. मला वाटलं, आता तर ते थांबलंय, म्हणजे झालं. तर म्हणाले, डोळे-नाक आठवड्यात ताळ्यावर येतात, पण मोह आवरायची आणि बरंवाईट ठरवायची ताकद परत यायला महिने लागतात. आता तूच सांग, ‘मी बरा झालो’ हे लिहिलं कोणी? त्या आजारी मेंदूनेच ना? त्याच्या शब्दावर मी सही करू?

तुझ्यावर एवढी आग पाखडतेय, पण खरी चीड मला माझीच आली आहे. मला सगळं ठाऊक होतं. तरी गप्प राहिले, कारण त्या दिवसापासून नळावर बायका माझी कळशी आधी लावू द्यायच्या. कमलाकांतची बहीण! मला ते आवडलं रे. दवाखाना उघडला, तुझी सुई पुन्हा सुरू झाली, आणि त्या कौतुकापायी तुझी चार वर्षं मी डोळ्यांदेखत जाऊ दिली. त्या वेळीच बोलले असते तर तू आज परळला नसतास.

म्हणून आज सकाळी सत्कार समितीच्या हेरंबभाऊंकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं, इंजेक्शनांसकट. राधाबाई तिथेच बसल्या होत्या. हेरंबभाऊंनी तुझं नाव यादीतून खोडलं. परत येताना नळावर कुणी माझ्याशी बोललं नाही. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहायला बसले. आता वाडीत कुणी शूर कमलाकांतची वाट पाहत नाहीये, फक्त मी माझ्या भावाची पाहतेय, आणि मला घाई नाही. कागद सही न करताच परत पाठवते आहे. चिडलास तरी चालेल, पण तिथेच राहून चिड.

तुझ्यावर वैतागलेली, तरी तुझीच,
उर्मिलाताई