टेबलाच्या खणातली कुपनं

बाई,

काल लेकीचा फोन आला. ती इंग्लंडात एका एकोणिसाव्या शतकातल्या विद्यापीठात शिकते. तुमच्या-माझ्या विद्यापीठासारखंच दगडी आणि बाहेरून श्रीमंत दिसणारं. मार्चमध्ये ह्यांची दुबईतली नोकरी गेली, आणि आता माझ्या एकटीच्या पगारात इथल्या, रीम आयलंडवरच्या फ्लॅटचं भाडं आणि तिचा खर्च यांची ओढाताण चालली आहे. "महिन्याला पाच हजार दिरहम, म्हणजे सव्वा लाख रुपये. आणायचे कुठून?" हे रोज मोठ्यानं म्हणतात. नीट जेवतेस ना, असं मी लेकीला विचारलं. ती म्हणाली, "आई, इट्स फाइन. देअर इज अ फूड कबर्ड इन द डिपार्टमेंट. यू जस्ट टेक. नोबडी आस्क्स." नेट जातंय, असं सांगून मी फोन ठेवला.

तुमच्या टेबलाचा डावीकडचा खण आठवला. त्यात मेसची कुपनं असायची, रबर लावून ठेवलेली. आमची शिष्यवृत्ती समाजकल्याणच्या ऑफिसातून यायला दुसरी टर्म उजाडायची, आणि तोवर बिल थकलेल्यांची नावं वसतिगृहाच्या बोर्डावर लागायची. माझं नाव पहिल्या पाचांत ठरलेलं. तुम्ही वर्गात सांगून ठेवलं होतंत, "खण उघडा असतो. लागेल त्यानं घ्यावं. मला सांगायचं नाही, आणि आभार तर मुळीच मानायचे नाहीत." मधल्या सुट्टीत तुम्ही मुद्दाम ग्रंथालयात जाऊन बसायचात. एकदा मात्र विसरलेला चष्मा घ्यायला तुम्ही परत येता, आणि माझा हात खणात आहे. माझ्याकडे न बघता तुम्ही चष्मा उचलता आणि म्हणता, "डाळ फार पातळ करतात हल्ली. दोन घे." मला रडू नाही आलं, राग आला. स्वतःचाच, पण काढला तुमच्यावर.

दुसऱ्या वर्षी मी विद्यार्थी प्रतिनिधी झाले. तोंडाचा पट्टा तेव्हाही जोरात होता. मी कुलसचिवांना अर्ज दिला: विभागात गरजूंसाठी फंड आहे, त्याचा हिशेब जाहीर करावा, यादी लावून वाटप करावं. चाळीस सह्या गोळा केल्या. चौकशी झाली, तर फंड नव्हताच. तो तुमचा पगार होता. शिक्षकांनी स्वतःच्या पैशातून मुलांना काही वाटणं नियमात बसत नाही, असं तुम्हाला लेखी कळवलं गेलं आणि खणाला कुलूप लागलं. तुम्ही मला बोलावलंत. मी बोलणी खायच्या तयारीनं आले होते. तुम्ही एवढंच म्हणालात, "आधी मला विचारायचंस तरी, बाळ."

"मला वाटलं, विद्यापीठाचे पैसे आहेत."

तुम्ही मान हलवलीत आणि पुढचा तास घ्यायला गेलात. दिवाळीनंतर माझ्या शेजारच्या कॉटवरची सांगोल्याची मुलगी परत आलीच नाही. तीही त्याच खणावर जेवत होती. तिचं एम.ए. माझ्यामुळे सुटलं.

आता मी ऑडिटमध्ये आहे. दुसऱ्यांचे खण उघडून बघण्याचा मला चांगला पगार मिळतो. तुम्ही गेल्याचं व्हॉट्सअॅपवर कळलं तेव्हा मी मीटिंगमध्ये होते, आणि मीटिंग पुरी करून उठले. लेकीला काल विचारायचं होतं की त्या कपाटाला हात लावताना तुलाही राग येतो का गं. धीर झाला नाही.

बाई, तुम्ही मला बोलावलंत त्या दिवशी मी खोटं बोलले. अर्ज देण्याच्या आठवडाभर आधी मी तुम्हाला मेसच्या खिडकीशी पाहिलं होतं. पर्समधून नोटा काढून तुम्ही कुपनं विकत घेत होतात. फंड असता तर तो माझा हक्क असता. तुमच्या घासातला घास मला गिळवेना, म्हणून मी तो सगळ्यांच्याच तोंडचा काढून घेतला. आणि अर्ज दिला त्या दुपारीही त्यातलंच एक कुपन घेऊन जेवले.

आता पत्र पाठवणार कुणाला, असं म्हणून मला सुटता येत नाही. त्यानंतर तुम्ही वीस वर्षं होतात, आणि तुमचा पत्ता मला पाठ होता.