तोलामोलाचा जोडीदार

प्रिय धाकट्या,

डॉक्टरांनी जिने चढू नका सांगितल्यापासून आई मुद्दाम चढते, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे. माझी नोकरीही तशीच. बेकायदा बांधकामं शोधायचा पगार नगरपालिका देते, पाडायचा नाही.

पाडायची आमची रीत तुला ठाऊक नसेल. तुमच्या पक्षातल्या कुणाचं छप्पर उतरवलं, की त्याच दिवशी सत्तेतल्या पक्षाच्या कुणाचं तरी उतरवायचं. नाहीतर ‘सूड, सूड’ म्हणत रस्ते अडतात नि पोलीस यायला नकार देतात. साहेब याला समतोल म्हणतात. मध्यंतरी एका सायकल दुरुस्तीच्या टपरीला शोभेलशी टपरी हुडकत मी चपला झिजवल्या. सापडली, तर तिचा मालक बिचारा कुठल्याच पक्षाचा नव्हता. सोडून दिला. अशा पोरक्या माणसाला कायदा लावून काय उपयोग?

सध्या डोक्यात बाजारामागचं मुलींचं वसतिगृह आहे. मालक सत्तेतल्या पक्षाचा खजिनदार. आग लागली तर उतरायचा मागचा जिना त्याने विटांनी बुजवून तिथे भाड्याच्या खोल्या काढल्यात. परवा खाली स्वयंपाकघर पेटलं. मुली धुरातून त्या भिंतीपर्यंत धावल्या नि उलट फिरल्या. एकीचे दोन्ही हात भाजले. मी पोलीस मागितले, तर साहेब म्हणाले, “बाई, पाडू की भिंत! पण जोडीदार आणा. तोलामोलाचा हं, कोंबड्यांचं खुराडं नको.” मी म्हटलं, तोवर मुलींनी श्वास रोखून धरायचा का? ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “एकटी भिंत पाडायला गेलात तर तुमची बदली होईल, माझीही होईल. भिंत तिथेच राहील.” खोटं बोलले नाहीत, हीच पंचाईत.

मग शोधलं. सत्ता गेल्यापासून तुमची मंडळी फारच कायद्याने वागायला लागलीत. तोलामोलाचं एकच निघालं: फुटपाथ गिळून बसलेलं तुमच्या शहरप्रमुखाचं कार्यालय. म्हणजे तुझं.

नोटीस उद्या दारावर लागेल, हातोडा सोमवारी दोन्हीकडे एकदमच पडेल. तू कोर्टातून स्थगिती आणलीस की जोडी फुटली, नि मुली पुन्हा त्या भिंतीआड. म्हणून हे पत्र. माझ्या नावाने घोषणा दे, घरभेदी म्हण, आईकडे चुगली कर. ती तुझीच बाजू घेईल. टेबल-खुर्च्या हलवायला माणसं हवी असतील तर पाठवते. फक्त वकिलाकडे जाऊ नकोस, राजा.

सोमवारी तुझ्या दारात पोलीस घेऊन येणारी, तरीही तुझीच,
ताई