एका मताने निवडून आलो

प्रिय आई,

जयभीम. मी बरा आहे, मेसचं जेवणही चांगलं आहे. तुझा गुडघा कसा आहे?

चाकणच्या कंपनीत मी एकसष्ट विरुद्ध साठ मतांनी कामगार प्रतिनिधी झालो. एका मताच्या चिठ्ठीवरची खूण दोन नावांमधल्या रेषेवर होती, ती निवडणूक समितीने माझ्या बाजूने धरली. तेव्हापासून कँटीनमध्ये माझ्याजवळ कोणी बसत नाही. हरलेला बाळू तर माझ्याच खोलीत राहतो. "साहेब, जेवून घ्या," एवढंच बोलतो.

सुट्टीत एकटाच वाचत बसतो. अमेरिकेत हेज नावाचे अध्यक्ष होऊन गेले. वडील जन्माआधीच गेले, आईने वाढवलं, तू मला वाढवलंस तसं. १८७६ च्या निवडणुकीचा वाद चार महिने चालला आणि तिथे अध्यक्ष निवडणाऱ्या राज्यांच्या प्रतिनिधींच्या एका मताने ते अध्यक्ष झाले. लोक त्यांना लबाड म्हणत. पुन्हा उभा राहणार नाही, हा शब्द मात्र त्यांनी पाळला.

माझं तिथेच अडलंय, आई. एकमेकांना मत द्यायचं, असं बाळूचं आणि माझं ठरलं होतं. त्याने चिठ्ठी दाखवून मला मत दिलं. मी स्वतःलाच दिलं. शब्द पाळला असता तर तो निवडून आला असता.

उद्या मेसमध्ये डबे भरताना त्याला सांगणार आहे. त्यानंतर इथे राहीन की नाही, ठाऊक नाही. तुझं उत्तर या खोलीच्या पत्त्यावर लगेच पाठवू नकोस.

तुझा,
धम्मपाल