एक दिवस हैदराबाद

१२ जाने., सोम.

आज दादाला मारलं. लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मीच म्हणेन की तसं काही झालं नव्हतं.

सकाळी पावणेआठ. मऊ भात भरवत होतो. चौथा घास त्याने तोंडात धरून ठेवला, गिळेना. शाळेत लवकर जायचं होतं, केंद्रप्रमुख येणार होते. "गीळ रं दादा, गीळ रं," किती वेळा म्हटलं. मग त्याने सगळं माझ्या धुतलेल्या शर्टावर सांडलं आणि माझा हात सुटला. गालावर. आता वाटतंय जोरात नव्हता. पण आवाज आला होता.

रडला नाही. नुसता बघत राहिला. झटका येऊन दोन वर्षं झाली. उजवं अंग गेलं, वाचा गेली, 'हां' आणि 'नाय' एवढंच उरलं. आज तेही नाही.

शर्ट बदलून गेलो. दिवसभर दाखले लिहिले. केंद्रप्रमुख म्हणाले, अक्षर छान आहे तुमचं.

१३ जाने., मंगळ.

मनीषाला फोन. दादाची एकुलती मुलगी, कर्जतला दिली आहे, तिथेच औषधांच्या दुकानात कामाला जाते. सांगणार नव्हतो, सांगून बसलो.

मग म्हणाली, "काका, तुमी घराबाहेर शेवटचं कधी राहिलात?"

आठवेना. वहिनी गेल्यापासून तर नाहीच.

"एक दिवस कुठंतरी जा. देवाला नको, कुणाच्या लग्नाला नको. नुसतं फिरायला. मी येऊन राहते बाबांजवळ."

रागावली असती तर बरं झालं असतं.

१५ जाने., गुरु.

कुठे जायचं? चोपन्न वर्षांचा माणूस, संसार नाही, आणि फिरायला एक जागा सुचू नये. मुंबई म्हणजे हॉस्पिटल. अलिबाग म्हणजे जि.प., फायली. पुणे म्हणजे परीक्षा मंडळ. कोंडाण्याची लेणी पाहिली ती शाळेच्या सहलीत, लेण्यांकडे पाठ करून पोरं मोजत.

हैदराबाद. दादा एकोणीस वर्षं त्या लाइनला लक्झरी चालवायचा. यायचा तेव्हा डोळे लाल आणि हातात बिस्किटांचा पुडा. "बाळू, एकदा चल गाडीवर," म्हणायचा. मी पुढच्या वर्षी म्हणायचो. तो विचारायचा बंद झाला तेव्हा मला कळलंसुद्धा नाही.

मनीषाला कळवलं. "जावा," म्हणाली.

१७ जाने., शनि.

अर्धा दिवस शाळा. तिथून खालापूरला, रऊफभाईकडे. त्याचं झेरॉक्सचं दुकान, तिथेच बसचं बुकिंग. एके काळी दादाच्याच गाडीवर दुसरा ड्रायव्हर. अजून दादाला उस्ताद म्हणतो.

बेत असा ठरला. शुक्र. ३० ला संध्या. सहाला टोलनाक्याजवळ गाडीत बसायचं. शनि. सकाळी हैद. दिवसभर फिरायचं. संध्या. सातची गाडी, रवि. सकाळी घरी. तिथलं मोठं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, शनिवार चालेल.

"एकच सीट?" रऊफभाईने चष्म्यावरून बघितलं.

"एकच."

त्याने लिहिलं. नकाशा मोबाइलवर मला दिसत नाही म्हणून दोन मोठ्या कागदांवर काढून दिला, चिकटपट्टीने जोडून.

१८ जाने., रवि.

आज काहीतरी वेगळं झालं.

नकाशा दादाच्या पलंगावर पसरला. दुसरीकडे जागा नव्हती म्हणून. उगाच विचारलं, बोलायला काहीतरी. "एका दिवसात हैदराबाद बघायचं झालं तर सुरुवात कुठनं करायची रं दादा?"

डावा हात चादरीतून बाहेर आला.

मी चारमिनारवर पहिला आकडा घातला होता. "नाय." बोट सरकत सरकत डावीकडे, गोवळकोंड्यावर. "आधी किल्ला?" "हां." मग हात कपाळावर आडवा, डोळे बारीक. ऊन. ऊन चढायच्या आत वर जाऊन यायचं. मग संग्रहालय, आत सावली असते. मग चारमिनार पायी. तलाव शेवटी. एका चौकाशी बोट थांबलं आणि बोटांचा घास करून तोंडाकडे नेला. जेवायला इथे. नकाशात तिथे काहीच लिहिलेलं नाही.

तासभर चाललं. माझा सगळा क्रम त्याने खोडून काढला. दुपारी भात संपवला, वर बोटाने भांडं दाखवलं, अजून.

संध्याकाळी मी भांडी घासताना गुणगुणत होतो. मग सोमवार आठवला आणि थांबलो.

२० जाने., मंगळ.

मी शाळेत असतो तेव्हा शेजारच्या सुमनवहिनी दादाजवळ बसतात. म्हणाल्या, "कागुद सोडला नाय आज त्यांनी. उशाला घेऊन झोपले."

मी आल्याबरोबर खुणा सुरू. मांडीवर थाप मारतो, मग बोट वर, मग कान. चार वेळा तेच. शेवटी कळलं, किल्ल्याच्या दारात टाळी वाजवली की पार वर ऐकू येते. मला कळलं म्हणून हसला. अर्ध्या तोंडाने हसतो, लाळ येते. पुसली. राग आला नाही.

झोपून झोपून पाठीला पडलेली जखम अजून ओली.

२२ जाने., गुरु.

दादा कपाटाकडे बोट करत होता. एकेक काढून दाखवलं. टॉवेल? नाय. स्वेटर? नाय. अगदी तळाशी ड्युटीचा पांढरा शर्ट. "हां." आणि हाताने इस्त्री फिरवून दाखवली.

"कशाला रं?"

बोट स्वतःच्या छातीवर. मग नकाशावर.

मी शर्ट हातात धरून उभा.

त्याला वाटतंय तोही येतोय. रविवारपासून त्याला हेच वाटत होतं. मी विचारलं तेव्हा 'मला' जायचंय असं म्हटलंच नव्हतं.

"बघू," म्हणालो. आणि शर्ट इस्त्रीला टाकून आलो. का टाकला, माहीत नाही. तेवढ्यापुरता घराबाहेर पडलो एवढंच.

२४ जाने., शनि.

पुन्हा रऊफभाई. सहज म्हणून विचारलं, दादाला न्यायचं म्हटलं तर? नाही म्हणेल अशी आशा होती.

"का नाय? खालची स्लीपर घेऊ. लाइनवरची माणसं उस्तादना ओळखतात, हातावर उचलून घेतील. मी येतो संगती. किल्ल्यावर नाय चढता येणार, पण दारापर्यंत चाकाची खुर्ची जाते. माझी बहीण तिथं राहते. आंघोळ, कपडे बदलायला घर हाय. बाळासाहेब, तुमी फक्त हो म्हणा."

त्याचा चेहरा एकदम तरुण झाला होता.

"डॉक्टरांना विचारून सांगतो," म्हटलं.

डॉक्टरांकडे गेलो नाही. विचारलं तर तेही हो म्हणतील.

२५ जाने., रवि.

खरं ते लिहितो. हे कोणी वाचणार नाही.

मला तो बरोबर नको आहे. एक दिवस. कूस बदलायची नाही, लघवीची पिशवी रिकामी करायची नाही, हाक नाही. एका रस्त्यावर उभं राहायचं आणि डावीकडे जायचं की उजवीकडे, हे माझं मी ठरवायचं. एवढंच पाहिजे होतं. रऊफभाई आला, बहीण आली, चार माणसं आली, तरी सगळं त्याच्याभोवतीच फिरणार आणि मी पिशवी धरून मागे.

आणि जायचंय कुठे, तर त्याच्याच गावाला. त्याने लावून दिलेल्या क्रमाने.

दुपारी त्याने नकाशावरून माझ्याकडे बघितलं. म्हटलं, "डॉक्टर बघू म्हणालेत."

"हां," म्हणाला. विश्वास ठेवला.

२६ जाने., सोम.

झेंडावंदन करून लवकर घरी. मनीषा आली होती. खुंटीला इस्त्रीचा शर्ट, उशाला नकाशा. तिला सांगावं लागलं नाही. स्वयंपाकघरात आली, दार लोटलं.

"सांगितलं नाय अजून?"

"तू सांग गं."

"मी नाय सांगणार. मारलं ते तुमी सांगितलंत ना मला? हेपण तुमीच सांगा." मग भाजी चिरायला बसली. थोड्या वेळाने, मान वर न करता, "न्यायचं असंल तर न्या. मी काय अडवणार नाय. पण मग आल्यावर परत तसला फोन करू नका मला."

जाताना दादाचे केस विंचरून गेली. तो तिला एकेक ठिकाण दाखवत होता. ती "हो बाबा, हो बाबा" करत होती.

२८ बुध.

सांगितलं. दाढी करताना. वस्तरा हातात असला की त्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही.

"दादा, मी एकटाच चाललोय. तुला नेत नाही."

डॉक्टरांचं नाव घेणार होतो. नाही घेतलं. "मला एक दिवस एकट्याला राहायचंय."

त्याने डोळे मिटून घेतले. अर्ध्या गालावर फेस तसाच. काहीतरी करायला हवं म्हणून दाढी पूर्ण केली. कुठे कापलं नाही. कधी नव्हे ती इतकी नीट झाली.

नंतर नकाशा पुढे केला तर तोंड भिंतीकडे.

रात्री जेवला नाही. मीही चहावर.

२९ गुरु.

चमच्याने थोडं दूध. बाकी काही नाही. शर्ट खुंटीवरून काढावा तर वाईट, ठेवावा तर वाईट.

शाळेत रऊफभाईचा फोन. त्यालाही कळलंय, मनीषाने सांगितलं असेल. "रद्द करू का? की दोन सीट वाढवू? अजून होतंय."

"थांबा, सांगतो."

सांगितलं नाही. संध्याकाळ झाली. न सांगणं हेच सांगणं झालं.

३० शुक्र.

मनीषा तीनला आली. मी कागदावर वेळा लिहून ठेवल्या होत्या, औषधं, कूस, मलम. तिने कागद घेतला, न वाचता फ्रीजवर ठेवला. "काका, माझा बाप हाय तो."

निघताना खोलीत गेलो. "येतो दादा." पाठमोरा होता. पाठीवर हात ठेवणार होतो, जखम आठवली, खांद्यावर ठेवला. खांदा गरम. ताप नाही, मनीषाने बघितला. मी आधी तापच आहे का बघायला लावलं. ताप असता तर थांबता आलं असतं.

नाक्यावर बसून लिहितोय. गाडी पाऊण तास उशिरा. नकाशा आणला नाही. तो त्याच्या उशाखाली आहे.

३१ शनि. हैद.

सकाळी उतरलो. गाडीत झोप लागली ती सलग सात तास. दोन वर्षांत नाही अशी. जाग आली तेव्हा आपण कुठे आहोत ते कळेना, आणि ते न कळणं फार चांगलं वाटलं. मग कळलं.

किल्ला ऊन चढायच्या आत. वर पोचलो तेव्हा एकटाच होतो. शहर धुरकट. खालून टाळ्या ऐकू येत होत्या, कुणाच्या तरी, सारख्या. बराच वेळ बसलो. कोणी हाक मारली नाही. पहिला अर्धा तास सुखाचा होता. खोटं कशाला लिहू.

११.३० मनीषाचा फोन. "पाणी घेतलं. खाल्लं नाय." मग व्हिडिओ लावून मोबाइल त्याच्यासमोर धरला. "दादा, बघ, किल्ला." भिंत दाखवली, पायऱ्या, दरवाजा. त्याचे डोळे उघडे होते, पण मोबाइलकडे नव्हते.

"झोपलेत," मनीषा म्हणाली. माझ्यासाठी म्हणाली.

संग्रहालयाच्या दारापर्यंत गेलो, आत गेलो नाही. चारमिनार लांबून बघितला, गर्दीत उभं राहून. मग दादाने जेवायला दाखवलेला तो चौक शोधला. रिक्षावाल्याला सांगता येईना, खाणाखुणा करून पोचलो. तिथे हॉटेल नाही आता, मोबाइलची दुकानं आहेत. शेजारच्या गल्लीत बसलो. बिर्याणी, वर दही. प्लेट चाटून पुसून संपवली आणि अजून अर्धी मागवली. गरम जेवण, दोन्ही हात मोकळे, कुणाला भरवायचं नाही. भूक फार होती. घरी तो उपाशी आणि मला इतकी भूक.

तलावाकडे गेलो नाही.

सव्वाचारला बसच्या ऑफिसात. गाडी सातची आहे, इतक्या लवकर यायचं कारण नव्हतं. खिडकीवरच्या माणसाला विचारलं, हे तिकीट उद्याच्या गाडीवर होईल का.

"कल का? एक सीट है. कर दूँ क्या?"

मनीषाला विचारलेलं नाही. तिला सोमवारी काम, मला शाळा. उद्या इथे काय करणार तेही माहीत नाही. "बस पूछ रहा हूँ," म्हटलं. मागे माणसं खोळंबली होती. तिकीट त्याने आपल्याकडे ठेवून घेतलं. पाचपर्यंत सांगा, म्हणाला.

समोरच्या बाकावर बसून हे लिहितोय. पाचला दहा कमी आहेत. तो मधूनमधून माझ्याकडे बघतो.